एकाच्या जागी दुसरा

मुंबईहून रात्री सुटलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी कोल्हापुरात येते. परगावचा प्रवासी बॅग सांभाळत स्टेशनाबाहेर पडतो आणि रिक्षावाल्याला सांगतो, ‘महालक्ष्मी मंदिर.’ रिक्षावाला म्हणतो, ‘अंबाबाईच्या देवळात व्हय? बसा की.’ प्रवासी बसतो. आपण दोघं दोन वेगळी नावं बोललो हे दोघांच्याही लक्षात येत नाही. रिक्षाच्या काचेवर तर तिसरंच नाव लिहिलेलं असतं, करवीरनिवासिनी.

हीच दोन नावं एखाद्या सभेत किंवा वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात समोरासमोर आली की मात्र बाह्या वर सरसावतात. एका बाजूचं म्हणणं, ही आदिशक्ती आहे. मूर्तीमागं सिंह, हातात गदा आणि ढाल. विष्णूपत्नी लक्ष्मी म्हणून तिची ओळख करून देणं हीच मुळात चूक. दुसरी बाजू नवरात्रात तिरुपतीहून येणाऱ्या शालूकडं बोट दाखवते. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, तरी नवरा गप्प राहिला म्हणून लक्ष्मी रुसून करवीरात आली, ही कथाही त्यांच्या पाठीशी असते. दोन्ही बाजूंचे लोक एकाच रांगेत उभे राहून एकाच मूर्तीचं दर्शन घेतात, हे वेगळं सांगायला नको.

रिक्षात बिनबोभाट चालणारी नावांची अदलाबदल सभेत का चालत नाही? शब्द एकमेकांच्या जागी बसायला लागले की त्यांचा एक गट तयार होतो, आणि पुढं तो गटच आपल्या वतीनं विचार करू लागतो. या प्रश्नावर गेल्या शंभरेक वर्षांत भाषेच्या अभ्यासकांनी बरंच लिहिलं आहे. आपल्याकडच्या वैयाकरणांनी तर अडीच हजार वर्षांपूर्वीच त्याला हात घातला होता. त्या सगळ्याचा आढावा कोल्हापुरात बसून घ्यायचा म्हटलं, तर उदाहरणांसाठी गाव सोडावं लागत नाही.

याचा सगळ्यात कोरडा विचार केला तो झेलिग हॅरिस यांनी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकवणारे हॅरिस हे नोम चॉम्स्की यांचे गुरू. त्यांच्या काळापर्यंत भाषेचं विश्लेषण वाक्याच्या पूर्णविरामापाशी थांबायचं. १९५२ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात त्यांनी ‘डिस्कोर्स अ‍ॅनालिसिस’ हा लेख लिहिला आणि पूर्णविराम ओलांडला. नमुना म्हणून त्यांनी घेतली केसांच्या टॉनिकची एक जाहिरात. अट एकच, अर्थाकडं बघायचं नाही, शेजार बघायचा. एका मजकुरात दोन शब्दांचा शेजार सारखा असेल तर त्या मजकुरापुरते ते दोन शब्द सममूल्य धरायचे. मग त्या सममूल्य शब्दांच्या शेजारी जे येतं तेही एकमेकांशी सममूल्य. अशा साखळ्या लावत गेलं की मजकुराचा एक तक्ता तयार होतो, आणि लेखकानं कुठंही उघडपणे न म्हटलेली समीकरणं त्यात दिसू लागतात.

हॅरिस यांची रीत देवीच्या नावांना लावून बघू. समजा, एका माहितीपत्रकात चार वाक्यं आहेत. अंबाबाईनं कोल्हासुराला मारलं. महालक्ष्मीनं कोल्हासुराला मारलं. महालक्ष्मी रुसून करवीरात आली. विष्णूपत्नी रुसून करवीरात आली. पहिल्या जोडीवरून अंबाबाई आणि महालक्ष्मी एका गटात गेल्या. दुसऱ्या जोडीवरून महालक्ष्मी आणि विष्णूपत्नी एका गटात. मधला दुवा समान, म्हणून अंबाबाई म्हणजे विष्णूपत्नी. असं कुणी म्हटलं का? माहितीपत्रकात तसं एकही वाक्य नाही. पण वाचणारा उठतो तो हे समीकरण डोक्यात घेऊनच. गणितात अ बरोबर ब आणि ब बरोबर क असेल तर अ बरोबर क होतं. बोलण्यात तसं व्हायलाच पाहिजे असा नियम नाही, पण मन तसं करतं. अदलाबदल एका जागी चालली की ती सगळीकडं चालेल असं ते गृहीत धरतं.

आता या दोन नावांची सोबत बघा. अंबाबाई म्हटलं की पुढं तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका आणि वणीची सप्तशृंगी येते, साडेतीन पीठं येतात. ललितापंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो येतो, उदो उदो येतो. महालक्ष्मी म्हटलं की तिरुपतीचा बालाजी येतो, पद्मावती येते, लक्ष्मीपूजनाची वही येते. मूर्ती तीच, गाभारा तोच, पण दोन नावांचे गोतावळे वेगळे. रिक्षावाल्याला फक्त जागा गाठायची असते, तिथं गोतावळ्याचा संबंध नसतो, म्हणून अदलाबदल खपते. सभेत गोतावळाच पणाला लागतो. २०१७ च्या जूनमध्ये देवीला घागरा-चोळी नेसवली गेली आणि गाव खवळलं, तेव्हाही हेच दिसलं. नऊवारीच्या जागी शालू चालतो, शालूच्या जागी पैठणी चालते. घागरा-चोळी मात्र त्या गटात नाही, हे त्या दिवसापर्यंत कुणी कागदावर लिहून ठेवलेलं नव्हतं. कुणीतरी गटाची वेस ओलांडतं तेव्हाच ती कुठं होती ते कळतं. त्या आंदोलनातूनच पुढं पगारी पुजाऱ्यांचा कायदा विधिमंडळात आला आणि २०१८ साली मंजूर झाला.

हॅरिस यांची रीत नवी वाटली तरी मूळ कल्पना आपल्या घरची आहे. पाणिनीचं व्याकरण बरंचसं चालतं ते या ‘एकाच्या जागी दुसरा’ तत्त्वावरच. ज्याची जागा घ्यायची तो स्थानी, जो येऊन बसतो तो आदेश. नियम असा की आदेशाला स्थानीसारखं वागवावं, मात्र नियम मूळच्या एखाद्या विशिष्ट वर्णावर अवलंबून असेल तर नाही. पतंजलीनं महाभाष्यात यासाठी दिलेला दाखला मला फार आवडतो. गुरुपुत्राशी गुरूसारखं वागावं. मात्र गुरूचं उष्टं खाणं आणि पाय धरणं हे तेवढं गुरुपुत्राच्या बाबतीत करू नये. जागा मिळाली, मान मिळाला, पण सगळं मिळालं नाही. काय मिळालं आणि काय राहिलं याचा हिशेब ठेवायचा, ही त्या परंपरेची शिस्त. हॅरिस यांच्या तक्त्यात हा हिशेब नसतो, आणि आपल्या रोजच्या बोलण्यात तर त्याहून नसतो.

मधल्या काळातल्या पंडितांबद्दल थोडक्यात. जिनिव्हात शिकवणाऱ्या सोस्यूर यांच्या व्याख्यानांवरून त्यांच्या मृत्यूनंतर, १९१६ साली, शिष्यांनी पुस्तक तयार केलं. बोललेल्या शब्दामागं न बोललेल्या शब्दांची एक रांग उभी असते आणि त्या रांगेमुळंच बोललेल्या शब्दाला किंमत येते, हा विचार त्यातला. इंग्लंडात फर्थ यांनी शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून, असं सांगितलं. आज संगणकाला भाषा शिकवतात ती याच वाटेनं. कोट्यवधी वाक्यं दाखवायची, प्रत्येक शब्दाचे शेजारी मोजायचे, सारखे शेजारी असलेले शब्द जवळजवळ ठेवायचे. अर्थ कुणीच सांगत नाही. हॅरिस यांचा हट्ट यंत्रानं खरा करून दाखवला, असं म्हणायला हरकत नाही. मात्र आपण मराठीत जे गट करून ठेवले असतील तेच यंत्र उचलणार. आपलं उष्टं सोडावं हे त्याला पतंजली कुठून सांगणार?

मराठी व्याकरणात या प्रश्नाची चर्चा झाली ती ‘शब्दांच्या जाती’ या नावाखाली. जात हाच शब्द वापरावा लागला, यावर कुणीतरी स्वतंत्र लेख लिहायला हवा. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ चं. शाळेत आपण घोकलेल्या आठ जाती या परंपरेतून आल्या. त्यात संस्कृतचं किती, इंग्रजीचं किती आणि मराठीचं स्वतःचं किती, याची झाडाझडती पुढं कृष्ण श्री. अर्जुनवाडकरांनी ‘मराठी व्याकरण : वाद आणि प्रवाद’मध्ये घेतली. शब्दाची जात जन्मानं ठरते की कामानं, असा तो वाद. माझं मत कामाच्या बाजूनं आहे, आणि त्याला साक्षीदार म्हणून मी कोल्हापुरातली कुठलीही खानावळ उभी करीन.

ताटाशी वाढपी येतो आणि विचारतो, ‘तांबडा वाढू का पांढरा?’ शाळेच्या पुस्तकाप्रमाणं ही दोन विशेषणं. पण रस्सा हा शब्द कधीचाच ताटातून उठून गेलेला आहे, आणि त्याच्या जागी त्याचं विशेषण येऊन बसलं आहे. नुसतं बसलं नाही, तर त्याचं लिंग घेऊन बसलं. म्हणून तांबडा ‘तिखट झालाय’, ‘झालंय’ नव्हे. पुढचा जेवणारा म्हणतो, ‘तांबड्यात मीठ कमी पडलंय.’ विभक्तीचा प्रत्यय लागला, सामान्यरूप झालं, नामाचे सगळे अधिकार मिळाले. चपलांच्या दुकानात ‘कापशी दाखवा’ म्हटलं की गावाचं नाव पायातल्या वस्तूचं नाव होतं. पतंजलीचा हिशेब मात्र इथंही आहे. कोल्हापूरबाहेर, मुलीच्या ओढणीसाठी कापड बघताना ‘तांबडा दाखवा’ म्हटलं तर त्याचा रस्सा होत नाही. ही बढती त्या खानावळीपुरती, त्या ताटापुरती.

रस्त्यावर तर याहून मजा. ‘काय भावा, कुठं निघालास?’ आणि ‘काय पावणं, कुठं निघालासा?’ ही दोन वाक्यं घ्या. भावाच्या जागी मर्दा, गड्या, लेका, दोस्ता बसतात. पावणंच्या जागी मालक, मास्तर, मामा, वहिनी. दोन गट कुणी शिकवले नाहीत, पण वाक्याच्या टोकाचा तो एक काना दोघांना कधी मिसळू देत नाही. ‘काय लेका, कुठं निघालासा’ असं म्हटलं तर ऐकणारा थबकेल. आपली चेष्टा चालली आहे असं त्याला वाटेल, आणि बहुधा ती असतेच. दादा हा शब्द दोन्ही गटांत ये-जा करतो. धाकट्या भावाचा दादा असतो तेव्हा एकीकडं, गल्लीचा दादा असतो तेव्हा दुसरीकडं. माणसाचं गावातलं वजन किती, हे त्याच्या नावामागं ‘निघालास’ येतं की ‘निघालासा’ यावरून कळतं. निवडणुकीच्या आधी आणि नंतर ऐकून बघावं.

गट विचार घडवतो हे मान्य करताना एक खबरदारी घ्यायला हवी, आणि तीही कोल्हापुरातच शिकायला मिळते. आमची अक्का दारातून हाक मारते, ‘मी आलो गं.’ ती बाई आहे, आलो म्हणते. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यातल्या कितीतरी बायका ‘मी जातो’, ‘मी करतो’ असंच बोलतात. प्रमाण मराठीत पहिल्या पुरुषी क्रियापदाला स्त्री-पुरुष असे दोन कप्पे आहेत. इथं ते एकच. शेजारच्या कन्नडमध्ये ‘मी आलो’ म्हणताना बाई-पुरुष भेद होत नाही, त्याचा हा परिणाम असावा असं काही अभ्यासक मानतात. अक्का शिकायला पुण्यातल्या एका कॉलेजात गेली तेव्हा वर्गात हशा पिकला होता. ‘पुरुषासारखं बोलते’ म्हणून तिला दोन वर्षं चिडवलं. भाषेच्या कप्प्यांनी विचार घडतो हे सरधोपट खरं असतं, तर अक्कानं स्वतःला पुरुष समजायला हवं होतं. तिनं तसं काही समजलं नाही. कप्पा होता तो ऐकणाऱ्यांच्या डोक्यात. तिच्या ‘आलो’च्या मागं ‘आले’ हा पर्याय रांगेत उभाच नव्हता. त्यांच्या डोक्यात होता, म्हणून त्यांना ती निवड वाटली आणि निवडीमागं स्वभाव दिसला. दोन माणसं एकच वाक्य बोलत-ऐकत असतात, पण दोघांच्या मागच्या रांगा वेगळ्या असतात. ‘रांगडी भाषा’ हे लेबल त्यातूनच चिकटतं. अक्का आता सत्तरीची आहे आणि अजून ‘आलो’च म्हणते.

व्याकरणातला हा खेळ राज्यकारभारात आला की त्याची किंमत कशी वाढते, हे बघायचं तर शाहू महाराजांच्या काळात जावं लागतं. वेदोक्त प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. पंचगंगेवर महाराजांचं कार्तिकस्नान, आणि पुरोहित म्हणतो ते मंत्र वैदिक नसून पौराणिक असल्याचं सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात येतं. नदी तीच, स्नान तेच, मंत्राची जागाही तीच. त्या जागी वेदोक्त बसवलं तर समोरचा क्षत्रिय, पुराणोक्त बसवलं तर शूद्र. छत्रपतींना शूद्र असं तोंडावर म्हणायची गरजच नव्हती. रिकाम्या जागेत कुठला मंत्र घातला त्यावरून ते ठरत होतं. महाराजांनी हे अचूक ओळखलं. १९२० साली त्यांनी क्षात्रजगद्गुरूंचं पीठ उभं केलं तेव्हा ‘जगद्गुरू’ या शब्दाआधीची जागाच ताब्यात घेतली.

२६ जुलै १९०२ चा जाहीरनामा घ्या. महाराज तेव्हा इंग्लंडात होते. करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवायच्या, असा तो हुकूम. मागासलेला वर्ग म्हणजे कोण, याची व्याख्या त्यात उलट्या बाजूनं केली होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे. हॅरिस यांच्या डोळ्यांनी ही यादी वाचली तर दोन गोष्टी दिसतात. पारशी ही हिंदूंतली जात नव्हे, पण त्या रांगेत बसल्यावर त्या हुकुमापुरती ती जातींसारखीच एक एकक झाली. दुसरं, ‘बाकी सगळे’ म्हटल्याबरोबर मराठा, लिंगायत, जैन, धनगर, महार, मुसलमान हे एका शब्दात बसू शकले. गावात हे लोक एका पंगतीला बसत नव्हते. हुकुमात एका पंगतीला बसले. जो गट समाजात नव्हता तो आधी कागदावर झाला, आणि मग त्या कागदाला धरून राजकारण उभं राहिलं. ब्राह्मणेतर हा शब्दही त्याच साच्यातला, दुसऱ्याला वजा करून झालेला.

बोर्डिंगांचं आणखी वेगळं. ‘अमुक बोर्डिंग’ या दोन शब्दांतल्या पहिल्या जागेवर कोल्हापुरात काय काय बसलं ते बघा. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा, त्याच साली दिगंबर जैन. मग लिंगायत, मुस्लिम, सारस्वत, दैवज्ञ, नामदेव. यातला एक शब्द धर्म, दुसरा पंथ, तिसरा पोटजात, चौथ्यात धंदा दडलेला, तर नामदेव म्हणजे शिंप्यांनी आपला मानलेला संत. बोर्डिंग या शब्दाच्या शेजारानं या सगळ्यांना एका मापाचं केलं. ज्याचं बोर्डिंग आहे तो समाज, आणि ज्याचं नाही त्यानं ते काढावं. अस्पृश्य मुलांसाठी १९०८ मध्ये जे वसतिगृह निघालं त्याच्या पाटीवर मात्र जातीचं नाव आलं नाही. मुंबईच्या गव्हर्नरच्या मुलीवरून ते मिस क्लार्क बोर्डिंग झालं. रांगेतली ही जागा जातीनं भरलेली नव्हती. यामागं मोठा विचार होता की दरबारी शिष्टाचार, हे नावावरून ठरवता येणार नाही. पण त्या मुलांना ‘कुठल्या बोर्डिंगचा?’ असं विचारल्यावर जातीचं नाव न घेता उत्तर देता येत होतं, हे खरं.

याच गावाकडं बघत आजचं राजकारणही समजून घेता येतं. इतर मागासवर्गाच्या राज्य यादीत २००४ साली ‘मराठा-कुणबी’ आणि ‘कुणबी-मराठा’ या नोंदी आल्या. दोन शब्दांमधली ती आडवी रेघ म्हणजे दोघं एकच, की दोघं मिळून तिसराच, की एकाच्या जागी दुसरा चालेल पण दुसऱ्याच्या जागी पहिला नाही? वीस वर्षं होऊन गेली, मोर्चे निघताहेत ते त्या रेघेच्या अर्थावरून.

गट फुटतो कसा, त्याचंही उदाहरण हाताशी आहे. मराठीत आपण एकेरीत कुणाला बोलवतो? देवाला, आईला, लेकराला. विठोबा उभा आहे, आई आली, बाळ झोपलं. आणि दुसऱ्या टोकाला चोराला, शत्रूला, पूर्वीच्या काळी गड्याला. एकेरीची जागा एकच, पण तिच्यात दोन बिऱ्हाडं राहतात. शिवाजी हे नाव लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या पहिल्या बिऱ्हाडात होतं. कोल्हापूरच्या गोविंद पानसरे यांनी १९८८ साली आपल्या पुस्तिकेला ‘शिवाजी कोण होता?’ असं नाव दिलं ते त्याच हक्कानं. पुढं त्या ‘होता’वर आक्षेप यायला लागले. शब्द बदलला नव्हता. ऐकणाऱ्यांनी त्याला एका बिऱ्हाडातून काढून दुसऱ्यात टाकलं. शिवाजी, शिवराय, शिवाजी महाराज, छत्रपती शिवाजी महाराज ही नावं एके काळी एकमेकांच्या जागी सहज बसत. आता बसत नाहीत. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या नावाचा विस्तार करा, अशी मागणी होते ती यातूनच. उलट बाजू म्हणते, नाव लांबलं की लोक आद्याक्षरांवर येतील आणि ज्यांचं नाव तोंडी राहावं म्हणून सगळा खटाटोप केला, तेच नाव तोंडातून जाईल. मुंबईच्या स्टेशनाला ‘महाराज’ जोडल्यावर लोक सीएसटीऐवजी सीएसएमटी म्हणू लागले, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. मला दुसरी बाजू पटते. आदर शब्द वाढवून वाढतो असं मानणाऱ्यांनी आईला अहो-जाहो करून बघावं.

शेवटी उसाकडं यावं लागतं. कोल्हापुरात कुठलीही चर्चा त्याशिवाय संपत नाही. बेंजामिन व्होर्फ हे अमेरिकेतल्या हार्टफर्डचे, पोटापाण्यासाठी आगविम्याच्या कंपनीत तपासनीस. आगी कशा लागल्या याचे अहवाल वाचताना त्यांना एक गोष्ट दिसली. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ कामगार जपून वागत, रिकाम्या पिंपांजवळ बिनधास्त सिगारेट ओढत. खरं म्हणजे रिकामी पिंपंच जास्त घातक, कारण त्यात वाफ कोंडलेली असते. पण ‘रिकामं’ हा शब्द निरुपयोगी, निरुपद्रवी, संपलेलं यांच्या गटातला. शब्द ज्या गटात, वागणं त्या गटाचं. व्होर्फ यांचे काही मोठे दावे पुढं टिकले नाहीत. पिंपाची गोष्ट टिकून आहे.

आमच्याकडचं पिंप म्हणजे ‘उचल’. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जयसिंगपूरला स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. तिच्या आधी आणि नंतर महिनाभर वर्तमानपत्रांत एकच प्रश्न असतो, पहिली उचल किती? कारखाने उचल जाहीर करतात, संघटना उचल वाढवून मागते, बातमीदार उचलीची कोंडी फुटली म्हणून लिहितात. त्याच वेळी त्याच शिवारात बीडकडून आलेल्या तोडणीच्या टोळ्या पालं ठोकतात. त्यांनीही उचल घेतलेली असते, मुकादमाकडून, हंगामाच्या आधी, आणि ती अंगमेहनतीनं फेडायची असते. मजुराची उचल हे कर्जच. ती अ‍ॅडव्हान्स, उसनवार, बाकी, फेड यांच्या गोतावळ्यातली. शेतकऱ्याची पहिली उचल म्हणजे काय? त्यानं ऊस घातला, कारखान्यानं तो गाळला, त्याचे पैसे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ते चौदा दिवसांत द्यायचे आहेत, थकले तर व्याजासकट. ज्या किमान दरानं ते द्यायचे त्याला २००९ पासून एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, म्हणतात. ते पगार, मजुरी, भाडं, बिल यांच्या गोतावळ्यातले पैसे आहेत.

दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘कारखान्यानं पहिली उचल दिली.’ ‘कारखान्यानं उसाचं बिल भागवलं.’ रक्कम तीच, तारीख तीच. पहिल्या वाक्यात कारखाना देणारा आहे, शेतकरी घेणारा, आणि घेणाऱ्यानं थोडं वाकायचं असतं. दुसऱ्या वाक्यात कारखाना देणेकरी आहे. पहिल्या वाक्याची पुढची ओळ सहजपणे आभारांची होते, आणि वार्षिक सभेत ती तशी झालेलीही मी ऐकली आहे. ‘चेअरमनसाहेबांनी इतक्या अडचणीतही’ अशी तिची सुरुवात होती. दुसऱ्या वाक्यानंतर पावती येते, आभार येत नाहीत. शेतकऱ्याच्या बाजूनं घसा कोरडा करणारेसुद्धा हाच शब्द वापरतात, तेव्हा निम्मं भांडण ते तोंड उघडतानाच हरलेले असतात. एकरकमी एफआरपीची मागणी करायची आणि तिला उचल म्हणायचं, हे एकाच तोंडानं जमत नाही.

गावातला साधा माणूस मात्र घरी ‘उचल आली’ असं म्हणताना मी फारसा ऐकला नाही. तो म्हणतो, ‘बिल जमा झालं.’ तेवढं तरी जिल्ह्यातल्या वार्ताहरांनी आणि उपसंपादकांनी त्याच्याकडून घ्यावं. यंदाच्या हंगामाची पहिली बातमी करताना मथळ्यात उचल लिहू नका, उसाचं बिल लिहा.